निम्म्या वेगातली गिटार
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गिटारचा एखादा तुकडा कानाने उचलायचा म्हटलं की पहिली अडचण येते ती वेगाची. चार सेकंदांत पंचवीस-तीस सूर निघून जातात आणि हाती लागतो फक्त पहिला आणि शेवटचा. मग करायचं काय? वादकालाच जरा हळू वाजवायला लावायचं.

तबकडीच्या जमान्यातही हे जमत असे. बऱ्याच रेकॉर्डप्लेअरवर १६, ३३, ४५, ७८ असे चार वेग असत. ३३ची एलपी १६वर लावली की वेग बरोब्बर निम्मा होई आणि सूर एक सप्तक खाली उतरे. ही मोठी सोय होती, कारण सप्तक बदललं तरी सूर तोच. गिटार नव्याने जुळवायला नको. ४५ची तबकडी ३३वर लावली तर मात्र सूर पाच फ्रेटांहून किंचित जास्त उतरतात, म्हणजे धड कुठल्याच फ्रेटवर सापडत नाहीत! स्पूलच्या टेपवरही साडेसात इंचांचा वेग पावणेचारवर आणला की हेच सप्तक मिळे.

लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने १९४८च्या ‘लव्हर’मध्ये ही युक्ती उलटी वापरली. काही भाग हळू ध्वनिमुद्रित करून त्याने ते वेगाने वाजवले. ती भिरभिरणारी गिटार कुठल्याच बोटांतून तशी निघालेली नव्हती.

या पद्धतीत तोटाही होता. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते. निम्म्या वेगात ती ४१वर येते आणि लहान स्पीकरमधून नुसती घरघर ऐकू येते. सूर न उतरवता वेग कमी करण्याचा एक मार्ग, फेज व्होकोडर, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६मध्ये मांडला. आज ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर सूर कायम ठेवून लय बदलून देतं. यूट्यूबवरही वेग कमी करता येतो.

पण फार हळू करू नका. निम्म्यावर आलं की तारेवरचा आघात पसरट होतो, आणि सूर छेडला की नुसतं बोट आपटून काढला, हे ओळखायला तोच आघात लागतो. माझ्या मते पाऊणपट वेग पुरे. अडलेल्या दोन मात्रांपुरतंच निम्म्यावर जावं आणि तेवढाच तुकडा फिरवत राहावा.

यंत्र आणखी एक गोष्ट सांगत नाही: तार कोणती? पहिल्या तारेचा मोकळा सूर दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. मोकळी तार पुढचा सूर आला तरी गुंजत राहते, जाड तारेवरचा सूर गोलसर लागतो. हळू केल्यावर ऐकायचं ते हे. इंटरनेटवरची आयती टॅब बऱ्याचदा इथेच चुकते.

जुनी ध्वनिमुद्रणं पुष्कळदा पाव-अर्धा सूर चढी किंवा उतरी असतात. तेव्हा गिटारच्या खुंट्या पिळत बसू नका. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचाच सूर तेवढा सरकवून गिटारशी जुळवून घ्या.