दार लावून काय बघतात ही मुलं?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात, रहिवाशांच्या छंदांसाठी ठेवलेल्या संध्याकाळी केलेलं भाषण)



मगाशी बागकामावर बोलणं झालं, भजनी मंडळावर झालं. माझा विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगेतून "अ‍ॅनिमे म्हणजे काय गं?" असा आवाज आला. बरं झालं, तिथूनच सुरुवात करते. अ‍ॅनिमेशन या शब्दाचं जपानी लोकांनी केलेलं लघुरूप म्हणजे अ‍ॅनिमे. आपण मात्र जपानी चित्रमालिकांनाच अ‍ॅनिमे म्हणतो.

मी यातली पट्टीची जाणकार नाही. रात्री ओटा आवरला की वीस-बावीस मिनिटांचा एक भाग बघायचा आणि झोपायचं, एवढीच माझी मजल. पण मी हे बघते असं कळल्यापासून लिफ्टमध्ये भेटणाऱ्या आया मला एकच प्रश्न विचारतात, "अगं, दार लावून काय बघतात ही मुलं?" प्रश्नात काळजी असते. म्हणून आज त्याचंच उत्तर देते.

पहिली गोष्ट, हे काही नव्याने आलेलं नाही. आज चाळिशीत असलेल्यांनी दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो मोगली बघितला, तो जपानमध्ये तयार झालेला होता. बावन्न भागांची ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीची. हिंदीत शेरखानला आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनी, त्यामुळे तो जपानी वाघ आपल्याला घरचाच वाटला. त्यानंतर डोरेमॉन आला, शिनचॅन आला. म्हणजे अ‍ॅनिमे आपण सगळ्यांनीच बघितलंय, फक्त त्याला 'कार्टून' म्हणत होतो.

या 'कार्टून' शब्दातच सगळी गोम आहे. कार्टून म्हटलं की आपण ठरवून टाकतो, हे लहान मुलांचं. शिनचॅनचंच बघा. योशितो उसुई यांची ही चित्रकथा १९९० साली सुरू झाली ती मोठ्यांसाठी असलेल्या साप्ताहिकात. त्यातले शिनचॅनचे बाबा टोकियोजवळच्या कासुकाबेमध्ये राहतात, लोकलला लटकून नोकरीला जातात, आणि घराच्या कर्जाची बत्तीस वर्षं अजून बाकी आहेत म्हणून सुस्कारे सोडतात. आता सांगा, यावर पोट धरून कोण हसेल? पाच वर्षांचा मुलगा, की आपल्या सोसायटीतला हप्ते भरणारा बाप?

दुसरं उदाहरण जरा गंभीर आहे. १६ एप्रिल १९८८ या दिवशी स्टुडिओ जिबलीचे दोन चित्रपट जपानमध्ये जोडीने लागले. एक हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो'. तोतोरो म्हणजे रानातला एक गलेलठ्ठ, केसाळ शेजारी. दोन बहिणी, आई इस्पितळात, शेजारच्या आजी त्यांच्याकडे लक्ष ठेवतात, आणि धाकटी हरवते तेव्हा सगळं गाव शोधायला बाहेर पडतं. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. महायुद्धात कोबे शहर बाँबहल्ल्यात जळतं, आई जाते, आणि दोघं भावंडं उपासमारीने संपतात. पोस्टरवर दोन्हीकडे गोड चेहऱ्याची लहान मुलंच आहेत. पण पहिला चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बघावा आणि दुसरा मोठ्या माणसानेही मनाची तयारी करून बघावा. म्हणून आई-बाबांना माझं सांगणं, "अ‍ॅनिमे चांगलं की वाईट?" असं विचारू नका. "कुठलं बघतोयस?" असं विचारा. पुस्तकांच्या कपाटाला आपण सरसकट चांगलं-वाईट म्हणत नाही, तसंच आहे हे.

आता माझ्या आवडीच्या दोन मालिका सांगते, कारण दोन्ही शेजाराच्या आहेत. 'मेझों इक्कोकु' ही रुमिको ताकाहाशी यांची. टोकियोतली एक जुनी, लाकडी, भाड्याच्या खोल्यांची इमारत. एका खोलीत परीक्षेत नापास झालेला गोदाई नावाचा मुलगा राहतो, आणि बाकीचे भाडेकरू त्याच्याच खोलीत घुसून रात्रभर दंगा करतात. भिंतीला कान लावणारे, दुसऱ्याच्या लग्नाची चौकशी करणारे, पण वेळ पडली की धावून येणारे. ज्यांचं बालपण चाळीत गेलं त्यांना यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी 'मार्च कम्स इन लाइक अ लायन'. चिका उमिनो यांच्या चित्रकथेवरची. सतरा वर्षांचा रेइ किरियामा शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळून स्वतःचं पोट भरतो. आई-वडील, बहीण अपघातात गेलेली. नदीकाठच्या रिकाम्या खोलीत एकटा राहतो, धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. नदीपलीकडे तीन बहिणी आणि त्यांचे मिठाईचं दुकान चालवणारे आजोबा राहतात. त्या त्याला जेवायला बोलवतात. एकदा, दोनदा, मग नेहमीच. उपदेश कुणी करत नाही, भात वाढतात. पुढे मधल्या बहिणीला शाळेत त्रास दिला जातो तेव्हा हाच अबोल मुलगा तिच्या पाठीशी उभा राहतो. मुलं दार लावून मारामाऱ्याच बघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी या मालिकेचा एक तरी भाग बघावा. कदाचित आपलं मूल हे बघत असेल, आणि त्याला काहीतरी सांगायचंही असेल.

आता 'ओताकू' या शब्दाकडे येते. छंदाच्या पूर्ण आहारी गेलेल्याला जपानीत ओताकू म्हणतात. आपली मुलंही एकमेकांना कौतुकाने म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'आपलं घर'. 'ताकु' म्हणजे घर, पुढचा 'ओ' आदराचा. त्यावरून समोरच्याला अदबीने 'आपण' म्हणायचं तरी ओताकू. काही चाहते आपापसांत असं फार औपचारिक बोलत, म्हणून १९८३ मध्ये अकिओ नाकामोरी या लेखकाने त्यांची टर उडवायला हाच शब्द वापरला. १९८९ साली एका भयंकर गुन्ह्यातल्या आरोपीच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटींचे ढीग सापडले, आणि मग प्रत्येक चाहत्याकडे लोक संशयाने बघू लागले. मुलं आपला छंद लपवू लागली. एकाच्या गुन्ह्यापायी सगळ्यांनी दारं लावून घेतली. तो शब्द पुन्हा माणसांत यायला बरीच वर्षं लागली.

खरं तर ओताकू फक्त अ‍ॅनिमेचे नसतात. रेल्वेचे असतात. त्यांतही गाड्यांचे फोटो काढणारे वेगळे आणि नुसता प्रवास करणारे वेगळे. 'गुंदाम' या मालिकेतल्या यंत्रमानवांची प्लॅस्टिकची मॉडेलं १९८० पासून विकली जातात. सुटे भाग चौकटीतून कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. मोठी माणसं त्यात आठवडे घालवतात. आपली मुलं दिवाळीत जिन्याखाली किल्ला करतात, मातीचा बुरूज ढासळला की पुन्हा लिंपतात, हळीव पेरतात, मावळे कुठे उभे करायचे यावर भांडतात. ते आणि हे एकाच जातीचं वेड आहे. टोकियोत १९७५ साली चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या, काढलेल्या पुस्तिकांचा एक बाजार भरला. बत्तीस गट, साधारण सातशे माणसं. तोच 'कॉमिकेट' आज वर्षातून दोनदा भरतो आणि लाखांनी लोक जातात. स्वतः लिहायचं, स्वतः चित्रं काढायची, वर्गणी काढून छापायचं. आपली स्मरणिका तरी दुसरं काय आहे?

म्हणजे आपल्याकडेही ओताकू आहेतच. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या पुसून ठेवणारे आजोबा आहेत. कुठली लोकल किती वाजून किती मिनिटांनी सुटते हे झोपेत सांगणारे काका आहेत. त्यांना आपण रसिक म्हणतो, आणि चौदा वर्षांच्या मुलाला म्हणतो, "काय वेड लागलंय याला!"

काळजी करूच नये, असं मी म्हणत नाही. मुलांनो, तुम्हालाही सांगायचंय. बारा-तेरा भागांत बऱ्याच मालिकांचा एक टप्पा पुरा होतो, तो एका रात्रीत संपवायलाच हवा असं नाही. खेळणी-पोस्टरांच्या पैशांसाठी आईच्या मागे भुणभुण नको. आणि डोरेमॉनमधली मुलंसुद्धा रोज सिमेंटचे पाइप पडलेल्या त्या मोकळ्या जागेत खेळायला जमतात, हे विसरू नका. पण कुणी जेवण टाळायला लागलं, शाळा टाळायला लागलं, मित्र टाळायला लागलं, तर मोठ्यांनो, दोष मालिकेवर ढकलून मोकळं होऊ नका. दारामागे काय दुखतंय ते बघायला हवं.

त्यासाठी एक सोपी गोष्ट सुचवते. आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसा आणि एक भाग पूर्ण बघा. फोन बाजूला ठेवून. मधे "हे असलं काय?" म्हणायचं नाही. भाग संपला की एवढंच विचारायचं, "यातलं तुला कोण आवडतं?" उत्तरात आपल्याच मुलाबद्दल काहीतरी नवीन कळेल.

आणि समितीला एक विनंती. येत्या गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये दोन टेबलं छंदांसाठी द्या. तिकिटांचा संग्रह, तबकड्या, लोकरीचं विणकाम, आणि त्यांच्याच शेजारी मुलांची चित्रं आणि यंत्रमानव. कुणाचं वरचढ, कुणाचं खालचं, असं काही नाही. ज्याचं टेबल त्याने समजावून सांगायचं. पंचवीस वर्षं आपण जिने, पाणी आणि पार्किंग सांभाळलं. आता जरा एकमेकांची वेडंही सांभाळू या.