मेंदूतील दाह आणि स्मृतीचा ऱ्हास

इ. स. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिचे नाव ऑगुस्ट डेटर. डॉक्टरांनी नाव विचारले, तिने ‘ऑगुस्ट’ म्हणून सांगितले. पतीचे नाव विचारले, तरी उत्तर तेच. जेवताना पानात फुलकोबी असता ती पालक खात असल्याचे सांगे. नाव लिहावयास बसली, की ‘श्रीमती’ एवढे लिहून थांबे. हे सारे टिपून ठेवणाऱ्या डॉक्टरांचे नाव होते आलोइस आल्झायमर.

१९०६ साली ती वारली. आल्झायमर त्या वेळी म्युनिकला होते. त्यांनी तिचा मेंदू तेथे मागवून घेतला व सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत पिळवटलेले तंतू, हे त्यांना दिसले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी ही हकीकत मांडली. श्रोत्यांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही! १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास आल्झायमरांचे नाव दिले. पुटे आणि तंतू यांची चर्चा पुढे शतकभर झाली. परंतु मज्जापेशींच्या भोवतालच्या आधारपेशींतही बदल झाल्याचे आल्झायमरांनी नोंदविले होते, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आज मी बोलणार आहे ते त्याविषयीच.

पायात काटा मोडला, की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह म्हणजे शरीराचे संरक्षणच होय. मेंदूतही असा दाह होतो. मात्र तो ठणकत नाही, आणि मेंदूज्वराशी त्याची गल्लत करू नये. तो मंदपणे, वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याचे कर्ते म्हणजे सूक्ष्म आधारपेशी, ज्यांना शास्त्रज्ञ मायक्रोग्लिया म्हणतात. स्पेनच्या देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या प्रथम वेगळ्या ओळखल्या. गावच्या जागल्याप्रमाणे त्या आपले बारीक हात फिरवीत गस्त घालतात, मेलेल्या पेशींचा केरकचरा गिळून टाकतात. अमायलॉइड नावाचे प्रथिन साचू लागले, की त्या पुटाभोवती गोळा होतात. प्रारंभी हे उपकारकच असते. पण पुटे हटत नाहीत, आणि मग त्यांच्यातून दाहक द्रव्ये पाझरत राहतात. उंदरांवरील प्रयोगांत तर त्या दोन मज्जापेशींमधील सांधेही गिळताना आढळल्या आहेत. हे सांधे म्हणजेच आपल्या स्मृतीचे अधिष्ठान! पुटे किती साचली यापेक्षा सांधे किती उरले, यावर माणसाची बुद्धी अधिक अवलंबून असते.

हा दाह रोगाचे कारण की परिणाम? २०१३ मध्ये याच पेशींत कार्य करणाऱ्या ट्रेम-२ या जनुकाच्या एका विरळ भेदाने आल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, असे निष्पन्न झाले. तेव्हा रखवालदार केवळ बघ्या नव्हे, एवढे तरी ठरले.

मग दाहशामक गोळ्या का देऊ नयेत? संधिवाताच्या रुग्णांत हा रोग कमी दिसतो, असे १९९० च्या सुमारास लक्षात आले होते. ते लोक दाहशामक औषधे वर्षानुवर्षे घेत असत. त्यावरून अमेरिकेत सत्तरीपुढील अडीच हजारांवर लोकांवर नॅप्रॉक्सेन व सेलेकॉक्सिब यांची चाचणी सुरू झाली. २००४ अखेर औषधे थांबवावी लागली. अपेक्षित लाभ तर दिसलाच नाही. माझ्या मते यात नवल नाही. जो जागल्या एका प्रहरी कचरा उचलतो आणि दुसऱ्या प्रहरी घर मोडतो, त्याला सरसकट झोपवून कसे चालेल? तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी स्मृतीच्या रक्षणासाठी आपल्या मनाने अशा गोळ्या सुरू करू नयेत. पोट, मूत्रपिंडे व हृदय यांना त्या बाधू शकतात.

२०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध अमायलॉइडला चिकटते आणि याच पेशींकडून ते साफ करविते. त्याने ऱ्हासाची गती काहीशी मंदावते. गेलेली स्मृती परत येत नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोकाही असतो. शिवाय ते केवळ आरंभीच्या अवस्थेतच देतात. आमच्या घरांत मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ही अवस्था हसण्यावारी जाते, आणि आजोबा नेहमीच्या वाटेवर चुकू लागले, की मग डॉक्टरांचा शोध सुरू होतो.