विद्या आणि सद्गुण
(ज्युबिली समारंभांतील भाषण)



आजच्या मंगल समयीं आम्ही आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयीं दोन शब्द बोलूं इच्छितों.

संत ऑगस्टीन (354–430) बाळपणीं आफ्रिकेंत लॅटिन काव्य शिकले. व्हर्जिलच्या महाकाव्यांतील डिडो राणीचें मरण वाचून ते रडत. वक्तृत्वासाठीं शाळेंत त्यांची वाहवा होई. पुढें ‘कन्फेशन्स’ ग्रंथांत त्यांनीं खेदानें लिहिलें कीं, डिडोसाठीं रडणारा हा मुलगा देवापासून दुरावलेल्या स्वतःच्या आत्म्यासाठीं रडला नाहीं. ‘मनुष्य’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा उच्चार चुकला तर विद्वानांस लाज वाटे. प्रत्यक्ष मनुष्याचा द्वेष करितांना ती वाटत नसे!

मग ती विद्या टाकावी काय? मुळींच नाहीं. संत बासिल यांनीं ग्रीक वाङ्मय वाचणाऱ्या तरुणांस मधमाशीचा दाखला दिला. ती सर्वच फुलांवर बसत नाहीं, आणि बसेल तेथूनहि उपयोगी तेवढेंच घेते. ही निवड करण्यास सद्गुण हवा. विश्वास, आशा व प्रीति या देवाच्याच देणग्या. परंतु विवेक, न्याय, धैर्य व संयम हे वारंवार तशी कृति केल्यानेंहि अंगीं बाणतात, असें संत थॉमस अक्वायनस शिकवितात.

म्हणून प्रगतिपुस्तक हातीं घेतांना आपण आणखी दोन प्रश्न विचारूं या. मुलानें सत्यासाठीं कांहीं सोसलें काय? मागें पडलेल्या सोबत्यास हात दिला काय? हे धडे मुलें प्रथम आपल्या घरीं, आपल्याच वर्तनांत वाचतात. ते निर्मळ राखण्याची कृपा देव आम्हां सर्वांस देवो.