मोठी एजन्सी, छोटं गिऱ्हाईक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



प्रत्येकानं आपल्या कामातलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायचं, असा संयोजकांचा हुकूम आहे. माझी उमेद गेली ती एका बियाणे कंपनीच्या मार्केटिंग विभागात. जाहिराती तयार करणारा मी नव्हे. पैसे मोजून त्या करवून घेणारा मी. इथे कुणाची डाळमिल आहे, कुणाचं जिनिंग आहे, कुणी मसाले करतं, कुणी दवाखाना थाटलाय. धंदा जरा वाढला की एखादी बडी जाहिरात एजन्सी गाठावी असं वाटायला लागतं. तिच्याकडे जाणारी माणसं पुढे कशामुळे वैतागतात, हे मी बावीस वर्षं जवळून पाहिलंय. तेच सांगतो.

पहिली तक्रार माणसांची. एजन्सीकडे काम द्यायच्या आधी ‘पिच’ होतं. म्हणजे दोन-चार एजन्सींना बोलवायचं आणि त्यांनी आपापल्या कल्पना मांडायच्या. आमच्याकडे मुंबईची एक मोठी एजन्सी आली तेव्हा तिचे सगळ्यात वरचे तीन साहेब आले होते. काय बोलले! आमच्या संचालकांनी तिथल्या तिथे होकार दिला. त्यानंतर त्या तिघांपैकी एकाचंही दर्शन वर्षभरात झालं नाही. कामाला आला नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला एक मुलगा. मुलगा गुणी होता, पण सात महिन्यांत दुसरीकडे गेला. त्याच्या जागी आलेल्या मुलीला कापूस आणि सोयाबीन यांतला फरक पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागला. मुलाखतीला हेडमास्तरांनी यायचं आणि वर्गावर मात्र रोज बदली शिक्षक पाठवायचा, असा तो प्रकार.

यात दुष्टपणा नसतो, हिशेब असतो. त्यांच्याकडे साबणवाले, मोटारवाले, मोबाइलवाले असतात. कोटीत खर्च करणाऱ्यांच्या त्या रांगेत आपण शेवटच्या बाकावर. शेवटच्या बाकाकडे किती लक्ष जातं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

दुसरी तक्रार भाषेची आणि मातीची. आमच्या कापसाच्या बियाण्याची फिल्म त्यांनी केली. चित्रीकरण सुंदर, संगीत उत्तम. पण जमीन लाल! आपल्या गोदाकाठची काळी कसदार जमीन सोडून हे कुठल्या मुलखात गेले कोण जाणे. शेतकऱ्याच्या डोक्यावर रंगीबेरंगी पगडी. त्याहून कडी म्हणजे एका दृश्यात पेरणी चाललेली आणि बांधापलीकडच्या शेतात कापूस फुटलेला. संवाद आधी इंग्रजीत सुचलेले, मग हिंदीत गेलेले आणि शेवटी मराठीत ओढून आणलेले. मानवतच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्यानं फिल्म पाहिली आणि एवढंच म्हणाला, “साहेब, हे बियाणं आपल्याकडं चालतंय का?” इतका पैसा ओतून आम्ही गिऱ्हाइकाच्या मनात शंका तेवढी पेरली होती.

तिसरी तक्रार वेळेची. बियाण्याचा धंदा नक्षत्रावर चालतो. मेच्या मध्यावर लोक चौकशीला लागतात. १८ मेला आपल्या कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा भरतो, तिथं कोणतं वाण घ्यायचं याची चर्चा होते, आणि मृगाचा पाऊस पडला की सगळी खरेदी दोन-तीन आठवड्यांत उरकते. एजन्सीच्या मंजुरीच्या पायऱ्या मात्र या खात्याकडून त्या खात्याकडे, तिथून वरच्या साहेबांकडे, तिथून परत खाली. आमची दुरुस्त केलेली फिल्म हातात आली तेव्हा शिवारात कोळपणी चालू होती.

चौथी तक्रार पैशाची, आणि ही नीट समजून घ्या. पूर्वी एजन्सीची कमाई मुख्यतः कमिशनवर होती. तुम्ही १ लाख रुपयांची जाहिरात दिली की वर्तमानपत्र एजन्सीकडून ८५ हजार घ्यायचं. उरलेले १५ हजार, म्हणजे १५ टक्के, एजन्सीचे. छपाई, चित्रीकरण असली बाहेरून करून घेतलेली कामं असली, तर त्या बिलावर १७.६५ टक्के चढवायचे. हा विचित्र आकडा कुठून आला? गणिताचे सर समोर बसलेत म्हणून सांगतो, ८५वर १५ म्हणजे १७.६५ टक्के. हिशेब चोख आहे. पण यात एक मेख आहे. तुम्ही जितका जास्त खर्च कराल तितकं एजन्सीला जास्त मिळणार. मग “साहेब, यंदा पानभर जाहिरात नको, पाव पान पुरे” असा सल्ला तुम्हाला कोण देईल? आता बऱ्याच ठिकाणी ठरावीक मासिक फी असते, तरी जाहिरातीच्या जागेचा आणि वेळेचा व्यवहार मोठाल्या कंपन्यांच्या हातात आहे.

हे दुखणं आपलंच नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय जाहिरातदार संघटनेनं चौकशी करवून २०१६ साली अहवाल काढला. माध्यमांकडून मिळणारी सवलत गिऱ्हाइकाला न सांगता एजन्सीनं स्वतःकडे ठेवायची, हा प्रकार तिथे सर्रास चालतो असं त्यात निघालं. आपल्याकडे मार्च २०२५मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं काही बड्या जागतिक एजन्सींच्या कार्यालयांवर छापे घातले. दर आणि सवलती आपसांत संगनमतानं ठरवल्याचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे आमचा वकील मित्र सांगेलच. पण गिऱ्हाइकानं बिल नीट वाचावं, एवढा बोध घ्यायला निकालाची वाट पाहायला नको.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. एजन्सीवाल्यांनाही गिऱ्हाइकांचा जाच असतो. आपल्याला नेमकं काय हवं हे आपल्यालाच ठाऊक नसतं. सोमवारी एक सांगायचं, गुरुवारी दुसरं. मालकाच्या मेहुण्याला रंग आवडला नाही म्हणून सगळं बदलायचं. कंपनीचं नाव आणखी मोठं करा, आणि तेवढ्याच जागेत संचालकांचा फोटोही बसवा. बिल मात्र सहा महिने थकवायचं. असं केल्यावर चांगलं काम कोण देईल?

विश्वास टाकला तर काय होतं याचं उदाहरण तुमच्या फ्रीजमध्ये आहे. १९६६ साली अमूल लोण्याच्या जाहिरातीचं काम मुंबईत सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आलं. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी युस्टेस फर्नांडिस यांनी रेखाटली. डॉ. वर्गीस कुरियन यांनी मोकळीक दिली, की प्रत्येक जाहिरात मंजुरीला माझ्याकडे आणू नका. म्हणून तर आज घडलेल्या गोष्टीवर ती मुलगी लगेच बोलू शकते. तेच काम पुढे डाकुन्हांच्या मुलानं चालवलं. इतकी वर्षं टिकलेला हा संसार आहे. तिथं काम करणारी माणसं बदलत राहिली नाहीत, आणि सांगणाऱ्याला काय हवं ते पक्कं माहीत होतं.

दुसरं उदाहरण मराठी माणसाचं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारात आला तेव्हा शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हता. लोखंडानं जमीन नासते, अशी समजूत होती. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणं. शंकरराव स्वतः चित्रकार, स्वतःच लेखक. आपलं गिऱ्हाईक कोण, ते कोणत्या भाषेत विचार करतं, हे त्यांना कुणी सादरीकरण करून सांगावं लागलं नाही. त्याच खबरेचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. जाहिरातीच्या पोटी महाराष्ट्राचं एक नामवंत मासिक जन्माला आलं!

आम्हीही शेवटी तेच केलं. मोठ्या एजन्सीचा करार संपला तो पुन्हा केला नाही. औरंगाबादच्या चार माणसांच्या छोट्या एजन्सीकडे काम दिलं. मालक स्वतः आमच्याबरोबर जीपमधून जिंतूर, सेलू, पाथरी फिरला. बाजाराच्या दिवशी दुकानाबाहेर उभा राहून शेतकरी काय विचारतो ते वहीत लिहून घेतलं. त्यातलंच एक वाक्य भिंतींवर रंगवलं. पीक उभं असताना शेतकऱ्यांना शेतावर नेऊन झाडाची बोंडं मोजायला लावली. आणि जाहिरात मेच्या पहिल्या आठवड्यात तयार होती.

म्हणून एजन्सी कोणतीही असो, सही करण्याआधी पाच गोष्टी विचारा. एक, माझं काम रोज कोण बघणार? त्याच माणसाला समोर बसवा. दोन, मराठी मजकूर मराठीत लिहिणार की भाषांतर करणार? तीन, तुमची फी कशी, आणि माध्यमांकडून मिळणारी सवलत कुणाची? कागदावर घ्या. चार, जाहिरात कोणत्या तारखेला हातात देणार? पाच, माझं गिऱ्हाईक पाहायला तुम्ही येणार का? पाचव्याला “गरज नाही” असं उत्तर आलं, तर चहा पाजून निरोप द्या.

आणि एक प्रश्न स्वतःला. आपला माल कुणी आणि का घ्यावा, हे मला चार सोप्या वाक्यांत सांगता येतं का? ते येत नसेल तर जगातली कुठलीच एजन्सी ते लिहून देणार नाही. येत असेल, तर अर्धी जाहिरात तयार झालीच म्हणून समजा. चार वाक्यांत मुद्दा मांडायची सवय आपल्याला याच शाळेच्या मराठीच्या तासांनी लावली. ती कामाला लावा.

कुणाला करार वाचून हवा असेल तर जेवणानंतर मला गाठा. फी नाही, कमिशन तर नाहीच.