शेवटच्या गाडीचा वेग



आज मला तुमच्याशी क्रूझर मोटारसायकलीबद्दल बोलायचं आहे. ती घेण्याबद्दल, आपल्या हातांनी नीट ठेवण्याबद्दल आणि चार मित्रांबरोबर तिच्यावरून लांबच्या वाटेला लागण्याबद्दल. मी सुरतेत राहतो. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. कोणी लूमवर, कोणी हिऱ्याच्या कारखान्यात, कोणी रिंग रोडच्या कापड मार्केटात. आमचा मोटारसायकलवाल्यांचा गट याच वस्त्यांतला. एक रत्नकलाकार, म्हणजे हिऱ्यांना पैलू पाडणारा, आहे, एक लूम दुरुस्त करणारा मिस्त्री, एक मार्केटात पार्सलचं काम बघतो, एक मैत्रीण शाळेत शिकवते. आमच्यात पैसेवालं कोणी नाही. बहुतेकांनी गाडी सेकंडहँड घेतली आणि हळूहळू उभी केली. ही हौस फक्त मोठ्या खिशाच्या माणसांची असते, असा समज आहे. तो बरोबर नाही.

क्रूझरची घडण समजायची तर थोडं अमेरिकेकडे बघावं लागतं. तिथे १९०१ साली इंडियन आणि १९०३ साली हार्ली-डेव्हिडसन या गाड्यांची सुरुवात झाली. लांबच लांब सरळ रस्ते, दोन गावांत मोठी अंतरं. त्या रस्त्यांना साजेशी गाडी पुढे तयार होत गेली. आसन खाली, हँडल उंच आणि आपल्याकडे ओढलेलं, पाय पुढे, पुढचा फोर्क तिरपा आणि दोन चाकांमधलं अंतर जास्त. अशी गाडी सरळ रस्त्यावर हलत नाही, डुलत नाही. पण वळायला तिला जागा जास्त लागते आणि घाईघाईने इकडेतिकडे काढलेली तिला चालत नाही. शर्यतीसाठी ती जन्मलेलीच नाही.

आपल्याकडे ही गाडी मध्यमवर्गाच्या दारात आणली ती पुण्याच्या बजाजने. २००१ साली कावासाकीबरोबर त्यांनी एलिमिनेटर काढली, १७५ सीसीची. दिसायला देखणी, पण किमतीमुळे अनेकांच्या हाताबाहेर. मग २००५ साली तोच साज ठेवून, पल्सरच्या घराण्यातलं इंजिन घालून अव्हेंजर आली. २००७ मध्ये ती २०० सीसीची झाली, २०१० मध्ये २२० ची, आणि २०१५ मध्ये स्ट्रीट आणि क्रूझ अशी दोन रूपं आली. पुढे २०२० च्या नोव्हेंबरात रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० आली. आज सुरतेच्या रस्त्यांवर या दोन्ही दिसतात. अव्हेंजर २२० क्रूझच्या आसनाची उंची ७३७ मिलिमीटर आहे. म्हणजे बेताच्या उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात. आमच्या शिक्षिका मैत्रिणीने याच एका कारणासाठी ही गाडी निवडली आणि आता ती घाटातही निर्धास्त चालवते.

जुनी गाडी घेणार असाल तर काही गोष्टी जरूर बघा. गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्हच्या सीलचं काम निघणार. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर कोनसेट गेलेला आहे. चॅसिसचा आणि इंजिनचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघा.

आमच्या लोकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गावाकडची स्वस्तात मिळाली म्हणून एमएच १८, एमएच १९ किंवा एमएच ३९ ची गाडी सुरतेत आणली जाते आणि वर्षानुवर्षं तशीच फिरते. कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. गाडी घेतानाच ती मागून घ्या. मूळ मालक गाव सोडून गेला की पुढे फार पायपीट होते. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची असते. जुनी एलिमिनेटर किंवा पहिली अव्हेंजर घेणाऱ्याने ही तारीख आधी बघावी.

आता हाताच्या कामाकडे येतो. माझं ठाम मत आहे की लांब जाणाऱ्याला आपल्या गाडीचं निदान रोजचं काम स्वतःला आलं पाहिजे. गॅरेजला जायचं नाही असं नव्हे. पण रस्त्यात कुठे काय बिघडलं ते ओळखता आलं पाहिजे. पाचशे किलोमीटर झाले की चेन साफ करून तेल द्यायचं आणि तिचा ताण बघायचा. टॅपेट सेट करायचे ते इंजिन पूर्ण थंड असतानाच. क्लचची एक जादा केबल नेहमी गाडीत ठेवायची. अव्हेंजरच्या इंजिनात दोन स्पार्क प्लग असतात. त्यांतला एक मेला तरी गाडी चालूच राहते, फक्त ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. पुष्कळांना हे महिनोन्‌महिने कळत नाही आणि ते कार्ब्युरेटरला दोष देत बसतात. २२० च्या इंजिनाला पुढे ऑइल कूलर आहे. पावसाळ्यात त्याच्या जाळीत चिखल भरतो, तो मऊ ब्रशने काढावा. आणि सुरतेला समुद्र जवळ आहे. डुमस, सुवालीकडे जाऊन आलात की खाऱ्या हवेने क्रोम आणि स्पोक गंजतात. घरी येऊन गोड्या पाण्याने गाडी धुवा आणि कोरडी करा.

आमच्यातला लूमचा मिस्त्री इंजिनापाशी उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगतो, टायमिंग चेन सैल झाली आहे का टॅपेट वाजतोय. दिवसभर शेकडो यंत्रांच्या खडखडाटात ज्याचा कान तयार झाला, त्याला हे साधतं. रत्नकलाकार मित्राचे हात इतके स्थिर आहेत, की कार्ब्युरेटरच्या बारीक जेटचं काम आम्ही त्याच्याकडेच देतो. सुरतेच्या कारखान्यांनी माणसांना जे कसब दिलं, ते रविवारी सकाळी आमच्या गल्लीत मोटारसायकलीच्या कामी येतं. कोणी कोणाला मजुरी विचारत नाही.

गाडी सजवण्याबद्दलही स्पष्ट बोलतो. मोठी काच लावा, पाठीला टेकू लावा, बॅगांसाठी आधार लावा, लेग गार्ड चांगला मजबूत घ्या. पण फोर्क लांब करून घेणं, दुसरं इंजिन बसवणं, चॅसिस कापणं, फटाके फोडणारा सायलेन्सर लावणं, हे करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ घडणीत असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. विमा कंपनी अपघातानंतर हाच मुद्दा काढते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या आवाजाने आजारी माणूस दचकून उठतो, त्या आवाजात आनंद कसला?

सुरतेत राहणाऱ्याला पाण्याचंही शिकावं लागतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून शहरात शिरलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. घरं, दुकानं, यंत्रं आणि असंख्य दुचाक्या चिखलात गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी घाईने सेल्फ मारला आणि इंजिन कायमचं गमावलं. बुडालेली गाडी कधीही लगेच सुरू करू नका. आधी बॅटरीची वायर काढा. प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवा, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर येईल. पेट्रोल आणि ऑइल काढून टाका. एअर फिल्टर बदला, कार्ब्युरेटर उघडून साफ करा. ऑइल दुधासारखं दिसत असेल तर ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा बदला. एवढ्या धीराने पूर्ण बुडालेल्या गाड्याही पुन्हा रस्त्यावर येतात.

आता वाटेला लागू या. सुरतेहून दोन रस्ते आमच्या आवडीचे. पहिला सापुताऱ्याचा. नवसारी, चिखली, वांसदा करत वघईला पोचायचं. तिथे अंबिका नदीवर गिराचा धबधबा आहे. वघईनंतर डांगचं सागवान आणि बांबूचं जंगल सुरू होतं आणि रस्ता वळणं घेत सह्याद्री चढतो. डांगातल्या माणसांची बोली कानावर पडली की मराठी माणसाला परकं वाटत नाही. सापुताऱ्यापुढे सीमा ओलांडली की हातगड, मग वणी, दिंडोरी, नाशिक. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज याच वणी-दिंडोरीच्या मुलखातून परतत होते आणि तिथेच मोगलांशी लढाई झाली. हा मुलूख मोटारसायकलीवरून बघावा. डोंगराची उंची आणि खिंडीची अडचण शरीराला कळते आणि त्या सैन्याने काय केलं असेल याचा अंदाज येतो.

दुसरा रस्ता आमचा घरचा. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, साक्री आणि धुळे. बारडोली १९२८ च्या सत्याग्रहाची. सोनगडचा किल्ला पिलाजीराव गायकवाडांचा. बडोद्याआधी गायकवाडांची सत्ता इथून चालली. नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. घाट ओलांडला की ढाब्यावर शेवभाजी आणि भाकरी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला हा रस्ता सुरतेहून गावी निघालेल्या आपल्या माणसांनी भरलेला असतो. एकेका दुचाकीवर नवरा, बायको, मधे लेकरू आणि पुढे बॅग. आमच्यासाठी जी सहल आहे, तो त्यांचा घरी जायचा रस्ता आहे. म्हणून या रस्त्यावर हौशी माणसाची जबाबदारी दुप्पट होते. घाटात ओव्हरटेक करायचा नाही, हॉर्न वाजवत कोणाला दाबायचं नाही, आणि कोणी बंद पडून उभा दिसला तर थांबायचं. आमच्या टूल किटने पंक्चर काढलेल्या कितीतरी गाड्या गावी पोचल्या आहेत. आमच्या गटाला या गोष्टीचा सगळ्यांत मोठा अभिमान आहे.

गटाने जायचं तर काही नियम हवेत. पुढे असा माणूस ठेवायचा ज्याला रस्ता माहीत आहे आणि ज्याचं डोकं शांत आहे. सगळ्यांत नवखा चालक त्याच्या लगेच मागे. सर्वांत शेवटी अनुभवी माणूस, ज्याच्याकडे हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी असेल. एका रेषेत न चालता एक डावीकडे, एक उजवीकडे असं चालायचं, म्हणजे प्रत्येकाला ब्रेक मारायला जागा राहते. वळणांवर मात्र एकामागे एक. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की वेग कमी करायचा. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी पायावर उभं राहता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला बसतो. म्हणून तासाभराने थांबायचं, पाणी प्यायचं, पाठ मोकळी करायची. सागाचा ओला पाला किंवा घाटातलं धुकं असेल तिथे वेग अर्ध्यावर आणायचा.

आणखी एक सुरतेची गोष्ट. संक्रांतीच्या दिवसांत मांजा गळ्याला लागून माणसं मेली आहेत. त्या दिवसांत हँडलवर तारेची कमान लावा, गळ्याला जाड रुमाल बांधा आणि पोलिसांनी पुलांवर दुचाकींना बंदी केली असेल तर ती पाळा. पतंग दोन दिवसांचे असतात. सहल पुढच्या रविवारी करता येते.

श्रोतेहो, इतक्या वर्षांत या गाडीने मला एक गोष्ट पक्की शिकवली. गटाचा वेग पुढचा ठरवत नाही, तो सर्वांत शेवटची गाडी ठरवते. तिला मागे टाकून जो लवकर पोचला, तो एकटाच पोचला. आपल्या घरात तरुण मुलगा किंवा मुलगी क्रूझर मागत असेल, तर नुसतं नाही म्हणू नका. आधी हेल्मेट घेऊन द्या, तेही आयएसआय शिक्क्याचं. त्याचा पट्टा रोज बांधायला लावा. चेनला तेल द्यायला आणि प्लग काढायला शिकवा. परवाना, विमा आणि पीयूसी वेळेवर ठेवायची सवय लावा. मग त्यांना चांगल्या सोबत्यांबरोबर सापुताऱ्याला जाऊ द्या. येत्या दिवाळीत, मार्केट आणि कारखाने बंद असताना, तुम्हीही निघा. सावकाश जा, सगळ्यांना बरोबर घेऊन जा आणि सगळ्यांना घरी परत आणा.