फुप्फुसांची तपासणी : निर्णय कोणाचा?



देह ही परमेश्वराची ठेव होय. या महोत्सवसमयीं तिच्या राखणीचाहि विचार आपण करूं.

अमेरिकेंत अनेक वर्षें धूम्रपान केलेल्या ५३,४५४ स्त्रीपुरुषांच्या, २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, अल्प किरणांच्या सी. टी. तपासणीनें फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यु साध्या क्ष-किरण तपासणीपेक्षां २० टक्क्यांनीं कमी झाले. परंतु जेथें संशय निघाला, तेथें १०० पैकीं सुमारें ९६ वेळां कर्करोग नव्हताच. हा लाभ व हा मनस्ताप, दोन्ही तोलूनच निर्णय करावयाचा असतो.

पण ‘तूंच ओढवून घेतलेंस’ हा बोल ऐकावा लागेल, या लज्जेनें कित्येक जण डॉक्टरांच्या दारापर्यंतहि जात नाहींत. तो बोल आपण गिळूं या, व ज्याचा निर्णय त्याला निर्भयपणें करूं देऊं या. प्रभु आपणां सर्वांस ती दया देवो.