संगणक घ्यायचा, पण वाचून



आज आम्ही तुमच्याशी संगणकाविषयी बोलणार आहोत. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. नाव ऐकून बिचकू नका. शिवणयंत्र घेताना आपण चाक फिरवून पाहतो. बैल घेताना दात पाहतो. संगणक घेतानाही असेच काहीतरी पाहायचे असते. ते काय, तेवढेच आज सांगायचे आहे.

आम्ही सारी हयात शाळेत घालवली. शेवटी हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. संगणकाचे आम्ही काही पंडित नव्हे. पण एक संगणक आम्ही फसून घेतला आणि एक नीट पाहून घेतला. दोन्ही गोष्टी तुमच्या उपयोगी पडतील.

आधी फसल्याची गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानात गेलो. खिशात साडेअठरा हजार रुपये होते. दुकानदार गोड बोलणारा. म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला काय फसवणार? एक नंबर माल आहे." आम्ही पैसे मोजून दिले. त्याने एका चिठ्ठीवर काहीतरी खरडले. ती चिठ्ठी आम्ही घडी करून खिशात घातली आणि घरी आलो.

चार महिन्यांत यंत्र बंद पडले. आम्ही चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, वाचा की काय लिहिलंय." आम्ही वाचले. चिठ्ठीवर लिहिले होते, 'कॉम्प्युटर १ नग.' एवढेच! कोणता, नवा की जुना, किती दिवसांची हमी, काही नाही. दुकानाचे नावही नाही. मग भांडणार कशाच्या बळावर?

मंडळी, आम्ही शेकडो मुलांना वाचायला शिकवले. पण पैसे देताना समोरची एक ओळ वाचली नाही. साडेअठरा हजारांचा धडा मिळाला. धडा असा, की वाचता येणे वेगळे आणि वाचणे वेगळे.

आता दुसरी गोष्ट. ही सुखाची आहे.

आमचे गाव सासवडजवळ. गावातल्या एक ताई बचत गटाचा हिशेब ठेवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना सही येत नव्हती. रात्रीच्या वर्गाला आल्या, अक्षरे शिकल्या, आकडे शिकल्या. आता वही त्यांच्याकडे असते. त्यांची मुलगी कॉलेजात जाते. यंदा संक्रांत झाल्यावर ताई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, घरात एक कॉम्प्युटर घ्यावा म्हणते. वीस हजार जमवलेत. त्याच्या वर एक रुपया नाही."

आम्ही म्हटले, "आधी सांगा, काम काय?"

मंडळी, हा पहिला प्रश्न. संगणक कोणता घ्यावा, हे दुकानदाराला विचारू नका. आधी आपल्या कामाला विचारा. फोनवर बोलणे, फोटो पाहणे, पैसे पाठवणे एवढेच असेल तर हातातला फोन पुरे. वीस हजार घालवू नका. सातबारा काढायचा असेल तर डिजिटल सहीचा उतारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला आहे. तोही फोनवर निघतो. पण लांब हिशेब मांडायचा, अर्ज टंकायचा, मुलांनी तास-दोन तास बसून अभ्यास करायचा, तर मोठा पडदा आणि कळफलक लागतो. ताईंचे काम असे होते. म्हणून आम्ही म्हटले, "घ्या."

मग प्रश्न आला, मांडीवरचा लॅपटॉप घ्यावा की टेबलावरचा डेस्कटॉप? लॅपटॉपला बॅटरी असते. वीज गेली तरी काही वेळ चालतो. पण तितक्याच कामाचा लॅपटॉप महाग पडतो आणि बिघडला तर दुरुस्तीही महाग. टेबलावरच्या यंत्राचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. ज्याला ते घेऊन फिरायचे नाही, त्याला टेबलावरचे बरे.

आता यंत्रात काय काय असते ते समजून घेऊ.

बाहेरून चार वस्तू दिसतात. पडदा, पेटी, कळफलक आणि माउस. सगळे काम पेटीत चालते. पेटीत तीन गोष्टी महत्त्वाच्या. आपण त्या स्वयंपाकघरावरून समजून घेऊ.

पहिली, प्रोसेसर. हा म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस. तो चपळ असेल तर काम लवकर होते.

दुसरी, रॅम. हा म्हणजे ओटा. ओटा लहान असेल तर एका वेळी एकच भांडे मावते. ओटा मोठा असेल तर चार कामे शेजारी शेजारी चालतात. रॅम जीबी या मापाने मोजतात. घरच्या कामाला ८ जीबी रॅम असावी.

तिसरी, साठवण. ही म्हणजे कणगी. आपले कागद, फोटो, हिशेब इथे राहतात. कणगी दोन जातींची असते. जुनी जात हार्ड डिस्क. तिच्या आत तबकडी फिरते. नवी जात एसएसडी. तिच्यात फिरणारे काही नसते, म्हणून ती फार वेगाने काम करते.

इथे एक मेख आहे. दुकानदार म्हणेल, "यात ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे, त्यात २५६ जीबीचीच एसएसडी आहे." ऐकणाऱ्याला वाटते, ५०० मोठे, तेच घ्यावे. पण घरच्या कामाला २५६ पुष्कळ झाले, आणि एसएसडीचे यंत्र झटकन सुरू होते. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असे नाही. आकड्यापुढे काय लिहिले आहे, ते वाचायचे.

हे सगळे आम्ही ताईंच्या वहीत एका पानावर लिहून दिले. '८ जीबी रॅम. २५६ जीबी एसएसडी. पक्के बिल. लेखी हमी.' मग एके सकाळी ताई, त्यांची मुलगी आणि आम्ही पुण्याला निघालो. दिवे घाट उतरून बस स्वारगेटला आली. तिथून मेट्रोने एकच स्थानक, मंडई. मंडईतून चालत बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठच्या गणपतीला हात जोडले आणि बाजारात शिरलो.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचे देऊळ आहे. पूर्वी त्या देवळासमोर पासोड्या विकायला बसत, म्हणून विठोबाला हे नाव पडले, असे सांगतात. आज त्या भागात आणि तापकीर गल्लीत तारा, दिवे, पंखे, कळा, स्पीकर, यंत्रांचे सुटे भाग असा माल मिळतो. माणसाला माणूस घासून चालावे लागते. अशा बाजारात तीन दुकाने हिंडल्याशिवाय पैसे काढू नयेत. प्रत्येक दुकानातला भाव आम्ही वहीत टिपला. वही उघडली की दुकानदारही जरा नीट बोलतो. हे आम्ही स्वतः पाहिले.

नवे यंत्र ताईंच्या पैशांत बसेना. मग आम्ही वापरलेली यंत्रे पाहिली. मोठ्या कचेऱ्या आपली यंत्रे काही वर्षांनी बदलतात. ती साफ करून, तपासून पुन्हा विकतात. अशी यंत्रे पुष्कळदा मजबूत असतात. वापरलेले घ्यायला हरकत नाही. मात्र वापरलेले म्हणूनच घ्यावे, नवे म्हणून नव्हे.

पहिल्या दुकानात एक चकचकीत पेटी दाखवली. "आय-फाइव्ह आहे ताई, डोळे झाकून घ्या." ताई म्हणाल्या, "डोळे झाकायला नाही आलो, दादा." आम्ही त्यावरचा पूर्ण आकडा पाहिला. तो होता ३४७०. इंटेल कंपनीच्या या आय जातीच्या प्रोसेसरांवर चार आकडी संख्या असेल तर पहिला आकडा पिढी सांगतो. ३४७० म्हणजे तिसरी पिढी. ती २०१२ साली निघाली. ८५०० म्हणजे आठवी पिढी. ती २०१७ सालची. पाच आकडी संख्या असेल तर पहिले दोन आकडे पाहावे. १०१०० म्हणजे दहावी पिढी.

पिढी का पाहायची? संगणक चालवायला आत एक व्यवस्था लागते. पुष्कळ ठिकाणी विंडोज नावाची असते. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. आधार संपला की नव्या चोरवाटा बुजवल्या जात नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे काम करणे धोक्याचे. पुढची विंडोज ११ ही इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या यंत्रांवर रीतसर चालते. म्हणून जुनी पिढी स्वस्त दिसली तरी भुलू नये.

ज्यांच्या घरी जुने यंत्र आधीच आहे, त्यांनी ते टाकून द्यावे असे नाही. लिनक्स नावाच्या फुकट व्यवस्था मिळतात. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली. तिने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बांधला. त्याच संस्थेने बॉस नावाची व्यवस्था केली आहे. ती लिनक्सच्याच घराण्यातली आहे आणि तिच्यात मराठीतही काम करता येते.

तिसऱ्या दुकानात आठव्या पिढीची पेटी मिळाली. दुकानदार म्हणाला, "रॅम आठ आहे." आम्ही म्हटले, "यंत्र सुरू करून दाखवा." त्याने सुरू केले आणि यंत्राची माहिती असलेले पान उघडले. आम्ही चष्मा शोधत होतो. तेवढ्यात ताईंनी पडद्यावर बोट ठेवले. "दादा, इथं तर चार लिहिलंय."

दुकानदाराने वाकून पाहिले. खरेच चार होते. म्हणाला, "चूक झाली ताई, दुसरी पेटी उचलली." त्याने समोरच आणखी चारची रॅम बसवली. पान पुन्हा उघडले. ताईंनी पुन्हा वाचले. आता आठ होते.

मंडळी, हे आकडे इंग्रजी होते. बसची पाटी वाचता यावी म्हणून ताई वर्गात इंग्रजी आकडे शिकल्या होत्या. ते असे कामाला आले. आम्हाला त्या वेळी काय वाटले, ते सांगता येत नाही.

पुढे पडद्याचा प्रश्न. ताईंच्या घरी सपाट पडद्याचा टीव्ही होता. आम्ही म्हटले, "नवा पडदा कशाला? टीव्हीच जोडू." टीव्हीला एचडीएमआय नावाचे भोक असते. पण या पेटीला दुसऱ्या जातीचे, डिस्प्लेपोर्टचे भोक होते. अशी दोन टोकांना दोन जातींची तार लागते. ती त्याच बाजारात मिळाली.

एक यूपीएस घेतला. वीज गेली की टेबलावरचे यंत्र धाडकन बंद पडते आणि केलेले काम जाते. यूपीएस थोडी मिनिटे वीज पुरवतो. तेवढ्यात काम जपून ठेवायचे आणि यंत्र रीतसर बंद करायचे. घरात अर्थिंगची तार नीट आहे ना, हेही वायरमनकडून पाहून घ्यावे.

हिशेब असा झाला. पेटी, विंडोज ११ आणि करासह, १२,५०० रुपये. कळफलक व माउस ७००. यूपीएस २,८००. तार ३५०. एकूण १६,३५० रुपये. वीस हजारांतले ३,६५० उरले. भाव बदलत असतात. तुम्ही जाल तेव्हा वेगळे असतील. आकडे धरून बसू नका, हिशेबाची रीत धरा.

मग बिल. दुकानदार म्हणाला, "पक्के बिल करू, की तसेच?" ताई म्हणाल्या, "पक्केच." बिलावर दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक आणि तारीख पाहिली. संगणकावर १८ टक्के कर असतो. तो वेगळा दाखवला होता. पेटीवरचा क्रमांक बिलावर लिहून घेतला. 'वापरलेला' हा शब्द लिहून घेतला. सहा महिन्यांची हमी लिहून घेतली. शिक्का पाहिला. ताईंनी सगळे बिल बोट ठेवून मोठ्याने वाचले. मागे गिऱ्हाईक थांबले होते. थांबू द्या! पैसे आपले आहेत.

असे बिल असूनही कोणी दाद दिली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे तक्रार सांगता येते. पण हातात बिल हवे. 'एक नग' चालत नाही.

आज ताईंच्या घरी यंत्र चालते. इंटरनेटसाठी मुलगी फोन तारेने जोडते. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. मराठी टंकायची इन्स्क्रिप्ट म्हणून रीत आहे. तीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने येतात. ताई एकेक अक्षर शोधतात. मागच्या महिन्यात गटाचा हिशेब त्यांनी स्वतः टंकला. तीन संध्याकाळी लागल्या. लागू द्या.

आता थोडक्यात सांगतो. लक्षात ठेवा.

१. आधी काम ठरवा, मग यंत्र.
२. रॅम ८ जीबी आणि एसएसडी २५६ जीबी पाहा.
३. प्रोसेसरची पिढी पाहा.
४. तीन दुकाने हिंडा. भाव वहीत लिहा.
५. यंत्र सुरू करून पडद्यावर स्वतः वाचा.
६. पक्के बिल घ्या. वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुम्ही कष्टाने अक्षरे शिकलात. ती शाळेच्या पाटीवर ठेवून घरी जाऊ नका. बाजारात बरोबर न्या. आम्ही नेली नव्हती, म्हणून फसलो. ताईंनी नेली.

रामराम.